न विझलेली बशी

सत्तरीतल्या काकांनी दुसरं लग्न करून अख्ख्या घराला तोंडात बोट घालायला लावलं, त्याच वर्षी ताईच्या धाकट्या भावावर सकाळ-संध्याकाळ पोटात सुई टोचून घ्यायची पाळी आली. एचआयव्हीची जुनी औषधं त्याला लागू पडेनात, म्हणून डॉक्टरांनी हे इंजेक्शन सुरू केलं होतं. विषाणू पेशीला चिकटतो, आपलं आवरण तिच्या आवरणात मिसळतो आणि आत शिरतो. ते मिसळणंच हे औषध अडवतं.

"ताई, पोटाची चाळणी झाली. रिपोर्ट म्हणतो विषाणू दिसत नाही, आणि मी तर वाळत चाललोय. उद्यापासून सगळं बंद."

"आधी तोंड बंद कर. रिपोर्ट चुकतोय. रक्त दे."

ताईची हयात विषाणूंच्या प्रयोगशाळेत गेली होती. एचआयव्हीच्या दोन जाती. नेहमीची तपासणी मोजते ती पहिलीच. धाकट्याने जहाजावर स्वयंपाक करत अर्धं जग पालथं घातलं होतं. त्याला दुसरीने गाठलंय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पण डॉक्टरांना डोळ्यांनी दाखवायला हवं होतं, आणि धाकटा सगळं सोडून बसण्याआधी.

रक्तातून विषाणू वाढवायला काही आठवडे गेले. मग तिने अशा पेशी घेतल्या, ज्या विषाणू आत शिरला की हिरव्या चमकतात. एका बशीत पहिली जात, दुसरीत धाकट्याचा विषाणू, दोन्हींत इंजेक्शनचं औषध. डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकले. पहिली बशी काळोखी. दुसरी लख्ख हिरवी.

"अहो, हा तर खुशाल आत जातोय!"

"जाणारच. दोघांची मिसळायची रीत एकच, पण घडण वेगळी. तुमचं औषध पहिल्याच्या मापाने शिवलंय. आता तिसरी बघा."

तिसरीत धाकट्याचाच विषाणू होता, पण औषध निराळं: विषाणूला नव्हे, पेशीच्याच दाराला झाकणारं. बशी काळोखी होती.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आणि मी त्याचं अभिनंदन करून मोकळा झालो होतो!"

"ते परत घ्या, आणि औषध बदला."

धाकट्याला कळलं तेव्हा तो भडकला. "म्हणजे इतके दिवस फुकट टोचून घेतलं?"

"फुकट कसलं? रडायचा सराव झाला ना!"

तो हसला. दाराची गोळी आणि दुसऱ्या जातीला चालणारी आणखी औषधं सुरू झाली. पुढल्या वर्षी त्याच्या विजारी त्याला होईनात, आणि त्याचाही दोष त्याने ताईलाच दिला.

धाकटा मागच्या हिवाळ्यात गेला. दुपारी जेवून आडवा झाला आणि झोपेत हृदय थांबलं. एकाहत्तर वर्षांचा होता.