भरल्या हाताची जाहिरात

जामखेडच्या पेठेत त्या वर्षी गिऱ्हाईक सोडून सगळं होतं. धूळ होती, माश्या होत्या आणि पायरीवर बसून एकमेकांच्या डबीतली तपकीर ओढणारे दुकानदार होते. कापडवाला सकाळी तागे उलगडायचा आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळायचा, तेवढाच हाताला चाळा. भांडीवाल्याने विकायचं सोडून लोकांची जुनी भांडी मोडीत घ्यायला सुरुवात केली होती. बहात्तरच्या पावसाने तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं. खेड्यापाड्यांतून बाजाराला येणारी माणसं आता गावाबाहेर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. आठवड्याला पगार व्हायचा, पण तो धान्याच्या दुकानातच संपून जायचा.

पेठेच्या ऐन मध्यावर सोपान कासाराचं बांगड्यांचं दुकान. गाळा भाड्याचा, पण वडिलांपासूनचा. काचेच्या बांगडीशिवाय दुसरी वस्तू त्याने आयुष्यात विकली नाही. बाईचा हात नुसता दाबून तो माप सांगायचा, आणि बाई माहेरच्या गोष्टी सांगत असतानाच तिचा हात भरून मोकळा व्हायचा. या कसबाचा त्याला ताठा होता. तो असू द्यावा, कारण ताठा करावा असं दुसरं काही त्याच्यापाशी नव्हतं.

समोर रंगनाथचं कटलरीचं दुकान. पोरगा तिशीचा, गोड बोलणारा. टिकल्या, कंगवे, रिबिनी आणि आता दारात टांगलेल्या प्लास्टिकच्या बांगड्या. "नळी कापून ठेवलीया नुसती," सोपान म्हणायचा, रंगनाथला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. रंगनाथ हसायचा. त्याची जागा अरुंद होती, म्हणून एकदा त्याने हळूच सांगून ठेवलं होतं, "सोपानकाका, कधी गाळा सोडायचा झाला तर आधी माझ्या कानावर घाला." तेव्हापासून सोपान त्याच्याशी बोलेनासा झाला.

पण बोलणं टाकून भाडं थोडंच फिटतं? ते दिवाळीपासून थकलं होतं. मालक बिचारा सज्जन, तरी त्याचीही चूल होतीच. गुढीपाडव्यापर्यंत बाकी द्या, नाहीतर गाळा मोकळा करा, असं त्याने हात जोडून सांगितलं. हात जोडणाऱ्याशी भांडताही येत नाही.

संक्रांत झाली आणि सोपानची बायको, भागिरथी, खडीवर जायला लागली. त्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. कासाराची बायको खडीवर! दोन दिवस सोपानने पेठेत मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच्या डोक्यात एक कल्पना आली आणि तो एकदम ताजातवाना झाला. तिथे शेकड्यांनी बाया आहेत. गिऱ्हाईक दुकानात येत नाही, तर दुकानच गिऱ्हाइकाकडे पाठवू. त्याने भागिरथीला पुढ्यात बसवलं आणि दोन्ही हात हिरव्यागार काचेने भरले, मनगटापासून पार वरपर्यंत.

"अवो, तितं हातुडी मारायची आस्ती," भागिरथी म्हणाली. "दोन-दोन बास की."

"तू गप. तुजा हात बगून धा बाया दुकानात येत्याल. कासाराच्या घरचा हात हाय, दिसला पायजे."

ती गप्प बसली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने हे चांगलं अंगी बाणवलं होतं.

रोज संध्याकाळी ती आली की सोपान विचारायचा, "बगितलं का बायांनी?"

"बगितलं की, समद्यांनी बगितलं."

जेवढ्या बांगड्या दिवसभरात वाढलेल्या, म्हणजे फुटलेल्या, असायच्या तेवढ्या तो सकाळी निघताना पुन्हा भरायचा. हात पुढे करताना ती तोंड दुसरीकडे फिरवायची. घरात मनगटांना फडकं गुंडाळून वावरायची. धूळ बसते म्हणून, असं म्हणाली, आणि सोपानने ते खरं धरलं. मनगटावरचे ओरखडे त्याला दिसत नव्हते असं नाही. पण पाडवा जवळ येत होता, आणि माणसाला जे बघायचं नसतं ते त्याला बरोबर दिसत नाही.

बाया काही आल्या नाहीत. उलट पगाराच्या दिवशी समोर रंगनाथच्या दारात ही गर्दी! सोपान गादीवर बसून बघत राहायचा. त्याचं डोकं चालेना. शेवटी एका शनिवारी त्याच गर्दीतून छबूबाई बाहेर पडली. पलीकडच्या वाडीची; तिच्या लग्नाचा चुडा सोपाननेच भरला होता. तिच्या हातात लाल प्लास्टिकच्या बांगड्या बघून त्याला राहवलं नाही.

"काय गं छबू, कासारमामाला इसरलीस व्हय?"

छबूबाई जागच्या जागी थांबली. मग पायरीपाशी आली.

"रागावू नका मामा. आमी काचच भरनार हुतो. पन मामींचा हात बगितला."

"मग? चांगला न्हवता?"

"हातुडी हानली की बांगडी वाढती आन् काच मनगटात घुसती. चार दीस झालं, हात सुजलाय त्यांचा, रगत वाळून काच कातड्याला चिकाटतीया. कासाराच्या बायकूची ही गत, मग आमी कोन? त्याच आठवड्याला समद्या बाया हिकडं आल्या." तिने मान खाली घातली. "तुमाला ठावं न्हवतं?"

सोपानने भर बाजारात दुकानाला फळ्या लावल्या आणि घर गाठलं. भागिरथी नुकतीच कामावरून येऊन भिंतीला टेकून बसली होती. त्याने तिच्या मनगटाचं फडकं सोडलं. सुजेत बांगड्या रुतून बसल्या होत्या.

"बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुमी इचारायचा बायांनी बगितलं का. बगितलं म्हनायची. खोटं न्हवतं."

त्याने तांब्याभर पाणी आणि साबण घेतला. कासाराने सवाशिणीच्या हातात बांगडी चढवायची, उतरवायची नाही. उतरवण्याची वेळ कधी येते ते सगळ्यांना माहीत असतं. सोपान एकेक बांगडी उतरवत गेला. शेवटच्या दोन काही निघेनात. त्याने पकड आणली. भागिरथीने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. काच कटकन वाजली, आणि सोपानला रडू कोसळलं. आपल्या हाताने आपण हिला रोज कापत होतो, आणि वर रोज विचारत होतो, बघितलं का म्हणून. त्याला स्वतःची लाज वाटली.

"आता रडू नका," भागिरथी म्हणाली. "मोकळ्या हातानं बसवत न्हाई मला. कायतरी घाला."

तो उठला, पेठेत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा रंगनाथच्या दुकानाची पायरी चढला. शेजारपाजारचे दुकानदार माना वळवून बघायला लागले. रंगनाथ गडबडून उभा राहिला.

"चार बांगड्या दे. माज्या बायकूला."

रंगनाथने बांगड्या काढल्या.

"माप इचारलं न्हाईस?"

"सैल असतात काका. सगळ्यांना बसतात." तो पैसे घेईना. सोपानने ते गल्ल्यावर ठेवले.

"पाडव्याला गाळा मोकळा करतो. मालकाला तुजं नाव सांगून ठेवलं तर चालंल?"

रंगनाथ गल्ल्यामागून पुढे आला. "मी काय अशा तऱ्हेनं मागितला नव्हता, काका."

"ठावं हाय मला. मांडण्या तशाच ऱ्हाऊ दे. कामाला येत्याल."

पाडव्याला गाळा रंगनाथच्या हाती गेला आणि सोपानही खडीच्या कामावर गेला. भागिरथीला हातोडी धरवत नव्हती, म्हणून तिला पाणी वाटायला दिलं होतं. सोपान बायांच्या ओळीच्या टोकाला दगड पुढ्यात घेऊन बसला. जन्मभर साबणात मुरलेले त्याचे हात. दुपारपर्यंत तळव्याला फोड आले आणि फुटलेही. मुकादम दोनदा बघून गेला.

सुट्टी झाली तशी छबूबाई त्याच्याशेजारी येऊन टेकली. तिला वाटलं असावं, म्हाताऱ्याला जरा बरं वाटेल असं काही बोलावं. तिने लाल बांगड्यांचा हात पुढे केला.

"ह्या काय, दुस्काळापुरत्या हायेत मामा. औंदा पाऊस पडू द्या, आमी समद्या बाया दुकानात येतो. हिरवा चुडा भरायचा, तुमच्याच हातानं. गाळ्यात बसून चांगलं."

"भरीन की," सोपान म्हणाला. "या समद्या जनी."

ती हसून उठली आणि बाकीच्या बायांना ते सांगायला गेली. सोपानने तिला परत बोलावलं नाही.