निळे ओरखडे

मास्तर दिवसभर लोकांना एकच गोष्ट शिकवत: रस्त्यावर आखलेला आपला पट्टा सोडायचा नाही. गाडी शिकवण्याच्या शाळेत चोवीस वर्षं शिकाऊ माणसाशेजारी बसून, पायाखाली जादाचा ब्रेक ठेवून, त्यांनी हे वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की ते झोपेतही म्हणतात, अशी त्यांच्या बायकोची तक्रार होती. आणि तरी मंगळवारी संध्याकाळी, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, "माझं, माझं!" असं ओरडत मास्तर बायकोच्या बाजूला घुसले आणि आपल्या निळ्या रॅकेटने तिची पांढरी रॅकेट फोडली. शटल कुणाचं होतं हे विचारायची सोयच नव्हती. ते तिच्या डोक्यावर होतं.

बायको चिडली असती तर परवडलं असतं. पण बाई रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. वाईट रिपोर्टसुद्धा आवाज न चढवता सांगायची तिला सवय. तिने तडा गेलेली रॅकेट पिशवीत घातली आणि म्हणाली, "अहो, मी आता एकेरीच खेळेन म्हणते. जोडीला तुम्ही दुसरं कोणीतरी बघा."

मास्तरांची मुलगी शिकायला परगावी गेल्यापासून दोघांचं बोलणं म्हणजे गॅस संपला, नळ गळतोय, इस्त्रीचे कपडे आले. बायको सकाळी सातला बाहेर पडे, ते रात्री नऊला परतत. मधला तो हॉलमधला एक तास तेवढा दोघांचा होता. तो तास गेला तर घरात उरणार काय, या विचाराने त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

शेवटी त्यांना अक्कल सुचली की नवी रॅकेट घेऊन द्यावी. गुरुवारी दुपारी ते फुटकी रॅकेट घेऊन विणकरकाकांकडे गेले. काका काही कापड विणत नसत. रॅकेटच्या जाळ्या विणत, म्हणून गावभर विणकरकाका. दुकान एवढंसं, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्याने श्वास बाहेर सोडावा.

"हिच्यासाठी एक हलकी दाखवा," मास्तर म्हणाले. "डोक्याकडे अगदी हलकी. ती जाळ्याजवळ उभी असते. मागचं सगळं मी बघतो."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि फुटकी रॅकेट उजेडात फिरवली. "हा निळा रंग कसला?"

"माझ्या रॅकेटचा. कधीमधी लागतात एकमेकांना."

"कधीमधी?" काका नखाने ओरखडे मोजू लागले. अकरा भरले. "मास्तर, हिला शटलपेक्षा तुम्हीच जास्त लागलात की हो."

मास्तर हसले, पण हसू काही तोंडभर पसरलं नाही.

"बरं, वहिनींचा खेळ कसा आहे ते सांगा. मनगटाचा की खांद्याचा? घाईचा की दमाचा?"

"ती... जाळ्याजवळ असते," मास्तर पुन्हा तेच म्हणाले. कोणता शिकाऊ क्लच लवकर सोडतो आणि कोणाला वळणावर घाम फुटतो, हे ते डोळे मिटून सांगू शकत. बायकोबरोबर बारा वर्षं एका बाजूने खेळून तिचा खेळ कसा आहे, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी कायम शटल पाहिलं होतं.

"मग असं करा," काका म्हणाले, "आधी जाऊन बघा. रॅकेटा कुठे पळून जात नाहीत. माणूस न बघता चप्पलसुद्धा घेऊ नये."

संध्याकाळी मास्तर हॉलच्या बाकावर खांबाआड बसले, स्वतःच्याच बायकोला चोरून बघत. लाजच वाटली त्यांना. ती मागून आणलेल्या रॅकेटने दातांच्या डॉक्टरीणबाईंशी एकेरी खेळत होती आणि जाळ्याजवळ क्वचितच येत होती. मागच्या रेषेवर उभी राहून ती शटल उंच, लांब, समोरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पाठवी. परत आलं की परत पाठवी. घाई नाही, आरडाओरडा नाही. समोरची कंटाळून चूक करेपर्यंत हिचा धीर सुटत नव्हता. डोक्याच्या डाव्या बाजूने आलेलं शटल तर तिने पाठ वळवून असं काही मारलं की मास्तरांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. त्यांनी पटकन रुमाल तोंडाला लावला.

मग त्यांना खूप वाईट वाटलं. हे सगळं तिच्याकडे आधीपासूनच होतं आणि बारा वर्षं त्यांनी तिला जाळ्याजवळ उभं करून ठेवलं होतं.

शुक्रवारी दुकानात शिरताच ते म्हणाले, "हलकी नको. वजन मधोमध असलेली द्या, दांडा जरा लवचिक. ती मागून खेळते. लांब मारते. दमाने."

काकांनी वरच्या खुंटीवरची हिरवी रॅकेट काढली.

रविवारी हॉलमध्ये त्यांनी ती बायकोच्या हातात दिली. "एकेरीसाठीच आणलीय," ते घाईघाईने म्हणाले. "जोडीचं मी बघतो कोणीतरी."

तिने रॅकेट बोटावर तोलून पाहिली, दोन-तीन लांब फटके मारले. "कुणी निवडली?"

"मी. गुरुवारी खांबाआड बसलो होतो."

"ते दिसलं होतं. खांब बारीक आहे, तुम्ही नाही." ती पुन्हा रॅकेटकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरीणबाई आज लेकीला घेऊन आल्यात. चला, एक गेम खेळू. मागे मी. तुम्ही पुढे."

मास्तर जाळ्याजवळ जाऊन उभे राहिले. अशा जागी ते कधी उभे राहिले नव्हते. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं आणि पायाखाली ब्रेक नव्हता. पहिलंच शटल डोक्यावरून गेलं. त्यांचा हात सवयीने वर उठला, तोंडात "मा" आलं. त्यांनी हात आवरला, शब्द गिळला आणि मान खाली घातली. पाठीमागे टणकन आवाज झाला. शटल लांब समोरच्या कोपऱ्यात गेलं आणि ते परतवायला कोणाला जमलं नाही.

असे चार गुण झाले. पाचव्याला समोरच्या मुलीने शटल हलकेच जाळ्यावरून टाकलं. ते मास्तरांच्या पुढ्यात, पायापासून वीतभर अंतरावर येऊन पडलं. मास्तर रॅकेट छातीशी धरून, पुतळ्यासारखे उभेच.

मागून बायको मोठ्याने हसली. कितीतरी महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

"अहो, हे तुमचं होतं!"

"माझं?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचंच. उद्यापासून तेवढं घेत जा."

मास्तरांनी वाकून शटल उचललं. उद्यापासून म्हणाली, हे त्यांनी नीट ऐकलं होतं.