खिशातली नळी

शंभरातल्या बासष्ट पेशी निळ्या. ओर्तान्सनं डोळे चोळून सूक्ष्मदर्शकातून पुन्हा मोजल्या, बासष्टच. जिवंत पेशी हा रंग आत घेत नाही, मेलेलीच निळी होते, आणि हे रक्त मँड्रिल माकडाचं होतं. ही माकडं माणसाच्या एचआयव्हीचा भाऊबंद असलेला विषाणू अंगात वागवत जन्मभर खुशाल हुंदडतात. त्यांच्या पेशी तग धरतात, मग आपल्याच का मरतात? धाकट्या बहिणीला, सोलांजला, एचआयव्हीच्या गोळ्या रोज घ्याव्या लागल्यापासून ओर्तान्सनं या प्रश्नाचा पिच्छा सोडला नव्हता.

महिनाभर आकडे असेच येत होते. माकडांच्या पेशीही मरायला लागल्या, मग शोधायचं काय उरलं, असं म्हणून प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर ओकुयींनी काम बंद करायचं पत्र लिहायला घेतलं.

"उद्यापर्यंत थांबा डॉक्टर," ओर्तान्स म्हणाली. "काही निघालं नाही तर मीच खोली झाडून किल्ली देते."

सकाळी ती स्वतः जंगलाकडेच्या, माकडांच्या कुंपणाशी गेली. तिथला म्हातारा राखणदार न्गुलू. त्याला सगळे 'या', म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. रक्ताच्या नळ्या तो पेटीतल्या बर्फात खोल खुपसत होता. हे कधीपासून, असं तिनं विचारलं.

"घ्या! तूच पेटी दिलीस महिन्यापूर्वी. म्हणालीस, या, उन्हात रक्त नासेल. त्याआधी मी आपला खिशात घालून आणायचो, छातीशी."

ओर्तान्सची आई ओगोवे नदीच्या धक्क्यावर मासळी विकायची. बर्फात ठेवलं की माल ताजा राहतो, हे लेकीच्याही हाडीमाशी खिळलेलं. पण मासा मेलेला असतो. ज्या पेशी जिवंत पोचायला हव्या होत्या, त्या तिनंच गारठवून मारल्या होत्या. स्वतःचा तिला भयंकर राग आला.

"या, आज एक नळी बर्फात, एक खिशात."

दुपारी तिनं दोन्ही मोजल्या. बर्फातल्या एकोणसाठ मेलेल्या, खिशातल्या चार. तिनं तिसऱ्यांदा मोजल्या, तरी चारच.

डॉक्टरांनी पत्र फाडलं आणि नोंदवहीत राखणदाराची चूक झाली असं लिहायला सांगितलं. महिन्याचे आकडे रद्द करायचे तर कारण हवंच.

ओर्तान्सनं पेन उचललं. 'बर्फाची पेटी मी दिली होती,' असं लिहून तिनं खाली पूर्ण नाव घातलं आणि पुढची नळी हातात घेतली.