सुधाताईंचं जामन

विलीनीकरण या शब्दाशी आम्हा ग्वाल्हेरकर मराठी माणसांची जुनी ओळख. आधी संस्थान विलीन झालं, मग राजधानी भोपाळला गेली, आणि माझे आजोबा शेवटपर्यंत दोन्हींच्या नावानं बोटं मोडत राहिले. मी त्यांना हसायचे. पुढे आमचीच कंपू भागातली छोटी प्रयोगशाळा सिटी सेंटरच्या मोठ्या संस्थेत विलीन करायचा हुकूम आला आणि माझं हसू पळालं.

आमची प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या आणि सुधाताई. किनेज नावाची प्रथिनं पेशीतल्या इतर प्रथिनांवर जणू शिक्का मारून त्यांना कामाला लावतात. शिक्के भलत्या वेळी पडू लागले की कॅन्सरसारखे रोग होतात. ताईंनी मानवी पेशींतलं एक किनेज असं बदललं होतं, की एक ठरावीक औषध फक्त त्यालाच थांबवेल, बाकीच्यांना धक्का लागणार नाही. म्हणजे कोणता शिक्का त्याचा, ते ओळखता येई. वाढवत ठेवलेल्या पेशींच्या या सेल लाइनपायी त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. मागच्या वर्षी त्याही गेल्या. आता त्यांचं म्हणावं असं या पेशीच काय ते उरलं होतं, आणि नव्या संस्थेचा नियम साफ होता: जी लाइन जिवंत पोहोचेल ती राहील, बाकीच्या बाद.

ताई पेशी दह्यासारख्या सांभाळत. थोड्या काढायच्या, ताज्या खाद्यात घालायच्या, वाढल्या की पुन्हा थोड्या काढायच्या. विरजणाला आम्ही इकडे हिंदीसारखं जामन म्हणतो. "जामन संपवेल तो करंटा," असं म्हणत त्या प्रयोगशाळा सोडणाऱ्या प्रत्येकाला गोठवलेली एक कुपी द्यायच्या. इन्क्युबेटरचं दार कुणी आपटलं तर ओरडायच्या, "हळू! बच्चे सोये हैं!" ते ओरडणं ऐकायला आज मी काय वाटेल ते देईन.

गोठवलेल्या पेशींचा त्यांचा डबा द्रव नायट्रोजनच्या टाकीत अगदी तळाला असे. तो तिथेच परत जावा म्हणून त्यावर ताईंनी ठसठशीत लिहिलं होतं, "खाली". हलवाहलवीसाठी इन्क्युबेटरमधल्या पेशीही गोठवून मी त्यातच ठेवल्या होत्या. हलवाहलवीच्या दिवशी मी शेजारच्या खोलीत मायक्रोस्कोप बांधत होते. सिटी सेंटरच्या माणसांनी डबे बाहेर काढले, तो शब्द हिंदीत वाचला आणि डबा रिकामा समजून टेबलावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मला तो दिसला तेव्हा जूनच्या उकाड्यात सगळ्या कुप्या वितळून गेल्या होत्या. त्यातलं काही वाचणार नव्हतं.

तिकडच्या पेशीसाठ्याचे प्रमुख दौलतसिंह. एके काळचे ताईंचे लाडके विद्यार्थी. मोठी खुर्ची मिळताच ताईंना सोडून गेलेले, म्हणून माझ्या मनातून केव्हाच उतरलेले. मी तरातरा जाऊन त्यांच्यावर बरसले.

"तुमच्या माणसांना वाचता येत नाही?"

"वनमालाजी, लिखा तो खाली ही था ना," ते हळूच म्हणाले.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, त्याचाच जास्त राग आला. मग मला रडू फुटलं.

ते उठले, आपल्या टाकीशी गेले आणि एक कुपी घेऊन आले. तिच्यावर ताईंचं अक्षर होतं, "जामन".

"जाते वक्त ताईने दी थी. खोलने की हिम्मत नहीं हुई. छोड़कर जो आया था."

कुपी एकच, तीही जुनी. आम्ही दोघांनी ती कोमट पाण्यात वितळवली आणि पेशी खाद्यात सोडल्या. जिवंत पेशी तळाला चिकटतात, मेलेल्या वर तरंगत राहतात. उद्यापर्यंत वाट पाहण्याशिवाय हाती काही नव्हतं. इन्क्युबेटरचं दार दौलतसिंहांनी इतकं हळू लावलं, की माझा अर्धा राग तिथेच गेला.

सकाळी मायक्रोस्कोपला डोळा मी लावला. ते मागे उभे होते. शेवटी त्यांना राहवेना.

"कुछ दिखा?"

मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता मी एवढंच म्हणाले, "खाली."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून पाहते तर गृहस्थ डोकं धरून बसलेले.

"अहो दौलतसिंह," मी रडता रडता हसत ओरडले, "आमचं खाली! मराठीवालं! खाली चिकटल्यात!"