मेतकूट म्हणून आणलेली पुडी

मिरजेकडच्या एका वैद्याची तपकिरी पुडी मी सहा वर्षं ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आणत होतो. विमानतळावर कोणी विचारलंच तर मेतकूट म्हणायचो. सकाळी कोमट पाण्यातून घेतली की दुसऱ्या दिवशी गुडघे मोकळे. मी स्वतः घेत नव्हतो, पण माझा मित्र उल्हास याला पहिल्याच वर्षी मीच ती सुरू करून दिली. त्याचा चेहरा गोल गरगरीत झाला, तेव्हा शोभावहिनी कौतुकाने म्हणाल्या, "इथलं दूध मानवलं यांना." मग ती पुडी कालगुर्लीच्या चित्रलेखावहिनींकडे गेली आणि पॉइंट कुकच्या दोन घरांतही गेली.

मागच्या वर्षी माझा पुतण्या सारंग, त्याचं मिरजेत औषधांचं दुकान आहे, मला म्हणाला, "काका, एका दिवसात गुण येतो म्हणजे यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार."

"तुझं दुकान चालत नाही, म्हणून वैद्यांच्या नावाने खडे फोडतोस," मी म्हणालो, आणि पुड्या बॅगेत भरल्या.

पुडीने दुखणं झाकलं, पण उल्हासचा गुडघा झिजतच राहिला. शेवटी ऑपरेशन करून गुडघा बदलायचं ठरलं. हॉस्पिटलच्या पत्रात लिहिलं होतं, दोन आठवडे आधी सगळी जडीबुटीची औषधं बंद करा. स्टेरॉइड घेता का, या प्रश्नापुढे उल्हासने 'नाही' लिहिलं. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. पुडीही त्याने शिस्तीत बंद केली.

दहाव्या दिवशी, सोमवारी, आम्ही समुद्राकाठी फिरायला निघालो. पोर्ट केंबलाच्या धुराड्यांकडे तोंड करून तो मध्येच बाकावर बसला. कपाळावर गार घाम.

"काय मेट, ऑपरेशनची धास्ती घेतलीस?"

"हस लेका. उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. अन्नाचा वास नको वाटतो."

तो बाकामागे वाकून ओकला. मला सारंगचं बोलणं आठवलं. ही त्या पुडीचीच करणी, असं मनाने घेतलं. उल्हासला मात्र काही बोललो नाही. घरी जाऊन तिन्ही घरांना फोन केले. "पुडी आजच्या आज फेकून द्या. एक चिमूटही घेऊ नका." कारण कोणालाच सांगितलं नाही. लाज वाटली.

शुक्रवारी दुपारी ऑपरेशन होतं. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा उल्हास निळ्या गाउनमध्ये पडला होता, ओठ पांढरे. नर्सने दुसऱ्यांदा रक्तदाब मोजला.

"कमीच येतोय," त्याचा मुलगा हृषिकेश म्हणाला. "नर्व्हस आहेत म्हणे बाबा."

भूल देणारी डॉक्टर आली. पाच मिनिटांत त्याला आत नेणार होते.

"हृषी, तिला सांग," मी म्हणालो, "त्या पुडीत स्टेरॉइड असेल. सहा वर्षं रोज. दोन आठवड्यांपासून बंद आहे."

शोभावहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "प्रल्हादभावजी, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"वर्ष झालं."

हृषिकेशने डॉक्टरला सांगितलं. तिने लगेच दारातून कोणाला तरी हाक मारली. दोघं धावत आले. हातात सुई गेली, सलाइन लागलं, ऑपरेशन रद्द झालं. ती बोलत गेली, हृषिकेश मराठीत सांगत गेला. इतकी वर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. मग ते एकदम तोडलं की रक्तदाब ढासळतो. नुसत्या तापानेही माणूस जाऊ शकतो. भुलीखाली गेले असते, तर परत आणणं कठीण होतं.

"काका," हृषिकेश म्हणाला, "ती विचारतेय, अजून कोण घेतं? त्यांना म्हणावं, एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरकडे जा."

उल्हासने डोळे उघडून मला पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

मी बाहेर आलो. पॉइंट कुकच्या दोन्ही घरांनी फोन उचलला, त्यांच्या पुड्या अजून कचऱ्याच्या डब्यात होत्या. त्यांना आत्ताच डॉक्टरकडे जायला सांगितलं. मग कालगुर्लीला लावला. बऱ्याच वेळाने चित्रलेखावहिनींच्या मुलीने, मयूराने, उचलला.

"काका, आई झोपलीय. कालपासून उलट्या होतायत, पोट बिघडलं वाटतं. आराम करू दे म्हटलं. संध्याकाळी करू का फोन?"

"नको. तिला आत्ता उठव."

"अहो, आत्ताच तर शांत झालीय."

"मयूरा, मी सांगतो तेवढं ऐक. हाक मार तिला."

फोनमधून तिची पावलं ऐकू आली, मग दार उघडल्याचा आवाज.

"आई," ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्याने, "आई? अगं आई..."