तिसरी हाक

"अगं, ऐकलंस का?" पहिली हाक आली तेव्हा ती मोबाईलमधल्या पडक्या सराईच्या जिन्यावर उभी होती. हाक गेममधली की आतल्या खोलीतून सासूबाईंची, हे कळेना. ती गप्प बसली. दुसरी हाक आली, तरी गप्पच.

गेम भाचीने घालून दिला होता, मामीला तेवढाच विरंगुळा म्हणून. सराईच्या मालकिणीचा खून कोणी केला याचा छडा लावायचा आणि तिथल्या हाकामारी नावाच्या भुतापासून जीव वाचवायचा. ही बया ओळखीच्या आवाजात बोलावते. 'ओ'चं बटण दाबलं की दारं बंद, खेळ खलास. मात्र तिला दोनदाच हाक मारता येते. तिसरी आली तर समजायचं, माणूस आहे.

एके काळी ती मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. तिथे पहिल्याच घंटीला फोन उचलावा लागे. दुसरी वाजली की वरच्या बाई डोळे वटारायच्या. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं. नवऱ्याची नोकरी फिरतीची, नणंद परगावी, तेव्हा घरी कोणी बसायचं हे कोणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून स्वयंपाकघर, मधला बोळ आणि सासूबाईंची खाट, एवढंच तिचं जग. सराईत निदान जिने तरी होते.

तिसऱ्या हाकेला ती उठली.

"तीनदा बोंबलल्याशिवाय हलायचं नाही, असा पण केलायस का?" सासूबाईंनी विचारलं.

तिने चाचरत गेमचा नियम सांगितला. आता तोंडाचा पट्टा सुरू होणार, असं तिला वाटलं. पण म्हातारी खोकला येईपर्यंत हसली. "म्हणजे मी भूत नाही, हे तुला तिसऱ्यांदा पटतं तर."

त्या दिवसापासून तो दोघींचा खेळ झाला. दोन हाका साध्या, आणि तिसरी ठसक्यात: "माणूसच आहे गं, ये आता!" मग ती जायची, सासूबाईंना कुशीवर वळवायची, पाणी पाजायची आणि तपास कुठवर आला ते सांगायची. सासूबाईंचा संशय पहिल्यापासून सराईच्या दिवाणजीवर. फार गोड बोलतो, तोच असणार, म्हणायच्या. खरं तर पहिल्या दोन हाका तिला आवडू लागल्या होत्या. कोणी बोलावतंय आणि आपण लगेच उठायला बांधलेलो नाही, एवढीच तिची चैन.

एका दुपारी दिवाणजीच्या खोलीची किल्ली तिच्या हाती लागली आणि तेवढ्यात आतून पहिली हाक आली. थोड्या वेळाने दुसरी, जरा बारीक. ती गालात हसली आणि तिसरीची वाट बघत खोली उघडली. खुनी दिवाणजीच होता. कधी एकदा सांगते, असं तिला झालं, आणि मग ध्यानात आलं की तिसरी हाक आलीच नव्हती.

सासूबाई दाराकडे तोंड करून पडल्या होत्या. डोळे उघडे होते.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, तुम्ही जवळ असतात तरी काही होण्यासारखं नव्हतं. तिने मान हलवली, पण विश्वास बसला नाही. नवरा आला तो रडतच. जरा शांत झाल्यावर त्याने विचारलं, "शेवटी काही बोलली का?"

"हाक मारली होती," ती म्हणाली.

किती, ते त्याने विचारलं नाही.

माणसं पांगली. खाट उचलून माळ्यावर गेली. आता तू मोकळी झालीस, नोकरीचं बघ, असं नवरा म्हणाला आणि नणंदेनेही फोनवर तेच सांगितलं. नवरा फिरतीवर गेला त्या दिवशी ती चपला घालून दारापर्यंत गेली, आणि परत येऊन बोळातच भिंतीला टेकून बसली. तिने गेम पहिल्यापासून लावला. जिन्यावर पहिली हाक आली.

"आले," ती मोठ्याने म्हणाली आणि बटण दाबलं.

सराईची दारं धडाधड बंद झाली. पडदा काळा झाला. तिने गेम पुन्हा लावला आणि जिन्यावर जाऊन उभी राहिली.