गंगीच्या उजव्या डोळ्यात मी

मी बुबुळावरचा पडदा बोलतोय. आकाराने नखाएवढा, पण राग मात्र माझ्यात मावत नाही.

माझा पहिला धनी उकंडा, बोरी अरब गावचा. छप्पन साली त्याने बायको कौसल्येसह बुद्धाचा धम्म घेतला. एकसष्ट साली नागपूरच्या एका दवाखान्यात तो हृदयाच्या दुखण्याने गेला. जाण्याआधी कौसल्येला म्हणाला, "माह्ये डोळे कोणाले तरी दे. राख होऊन कोणाच्या कामाचे?" तिने रडत रडत कागदावर अंगठा उठवला.

दुसऱ्याच दिवशी मला गंगीच्या उजव्या डोळ्यात बसवलं. पांढरकवड्याकडच्या एका बंजारा तांड्यातली ही तरुण बाई. तिचा स्वतःचा पडदा वर्षागणिक पातळ होत टोकदार झाला होता. एका दिव्याचे तिला पाच दिवे दिसत. पुढेपुढे तेही दिसेनात. कामाचा कंटाळा म्हणून सोंग करते, असं म्हणत नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं. भाऊ हिरासिंग तिला दवाखान्यात घेऊन आला.

डोळा बधिर केला होता, पण गंगी जागी होती. कातरीचा आवाज तिने ऐकला. मग डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आणि तीन आठवडे उताणं पडून राहणं. खोकायचंसुद्धा नाही. मोठे डॉक्टर विद्यार्थी घेऊन येत, पट्टी उचलून मला दाखवत, "केस छान आहे" म्हणत आणि निघून जात. मले दिसन का, असं तिने चारदा विचारलं. एकानेही उत्तर दिलं नाही. ती काय नुसता डोळा होती?

पट्टी सुटली. धूसर का होईना, समोरचा हिरासिंग तिला दिसला. एकच हिरासिंग. ती हसली आणि लगेच रडू लागली.

तांड्यात परतल्यावर हिरासिंगने दवाखान्यात कळलेलं डोळा देणाऱ्याचं नावगाव भोळेपणाने सांगून टाकलं. तांड्याचा नायक बाबूसिंग याने फर्मावलं, शुद्ध झाल्याशिवाय गंगीच्या हातचं पाणी कोणी प्यायचं नाही. उकंडाने जी जात टाकून दिली, ती हे माझ्यात शोधत होते! माझ्यात रक्ताची एक शीरही नसते. यांना जात सापडली कुठे?

गंगी उभी राहिली. "नायकजी, मी आंधळी ठेचकाळत होती तवा तुमी हात देल्ला नाही. ज्यानं डोळा देल्ला, त्याचा इटाळ कायले मानू?"

तिची आई रुक्माबाई उठली, लेकीच्या हातून तांब्या घेतला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्याली. त्या घराशी तांड्याने दोन वर्षं बोलणं टाकलं.

गंगी मात्र भावाला घेऊन बोरी अरबला गेली. कौसल्येने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बराच वेळ पाहिलं.

"बरं दिसते ना, पोरी?"

"दिसते, मावशी."

"मंग झालं," कौसल्या म्हणाली आणि जेवणाचं ताट वाढायला उठली. गंगी तिच्या ताटात जेवली.

आता आठ वर्षं झाली. माझी कड गढूळ होतेय. कदाचित माझ्या जागी दुसरा पडदा येईल. तो कोणाचा, हे जरूर विचारा. पण त्याच्या घरी जाऊन पाया पडायचं असेल, तरच विचारा.